साखर सोडून उचल फिटत नाही

अलीकडे सुशिक्षित मध्यमवर्गात तीन-चार आठवडे साखर वर्ज्य करण्याचे व्रत बरेच लोकप्रिय झाले आहे. बिनसाखरेचा चहा घ्यावा, गोडधोड टाळावे आणि महिनाअखेर वजन किती उतरले याचा हिशेब एकमेकांस सांगावा, असे त्याचे स्वरूप आहे. आरोग्यासाठी कोणी असे करीत असेल तर त्याविषयी तक्रारीचे कारण नाही. आक्षेप आहे तो या पथ्याला राजकारणाचा टिळा लावण्यास. ‘ग्राहकांनी साखर सोडली की साखरसम्राट आपोआप वठणीवर येतील, ऊसतोड कामगारांचे शोषण थांबेल आणि दुष्काळी भागातील पाणीही वाचेल’, असा युक्तिवाद आपल्या काही मित्रांच्या तोंडीही ऐकू येतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

साखरत्यागाचा इतिहास जुना आहे. १७९१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्स यांचा ठराव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढून वेस्ट इंडीजची साखर व रम सोडण्याचे आवाहन केले. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली तर एक माणूस गुलामगिरीतून किंवा मृत्यूतून वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज क्लार्कसन यांनी नोंदविला आहे. या त्यागाची थट्टा करण्याचे कारण नाही. मताचा हक्क नसलेल्या स्त्रियांना त्याने राजकारणात उतरविले. पण तो त्याग एकटा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्याबरोबर पार्लमेंटकडे शेकडो अर्ज जात होते, आणि त्या अर्जांत एक नेमकी मागणी होती.

त्याहून महत्त्वाची घटना लंडनपासून फार दूर घडत होती. त्याच १७९१ च्या ऑगस्टमध्ये सां दोमिंग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी उसाच्या मळ्यांना आगी लावून बंड पुकारले, आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र उदयास आले. जमैकात १८३१ च्या डिसेंबरमध्ये सॅम्युएल शार्प यांच्या नेतृत्वाखाली गुलाम उठले; १८३२ मध्ये शार्प फासावर गेले आणि १८३३ मध्ये पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. चहाच्या पेल्यातील साखर कमी झाल्याने मालक अस्वस्थ झाले असतील. त्यांची झोप उडाली ती मळ्यातील मजूर उठल्यामुळे.

आणि या कायद्यानंतर काय घडले? मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना एक कवडीही नाही. मळ्यांना मजूर हवेच होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. उपभोक्त्याची सदसद्विवेकबुद्धी शांत झाली. उसाच्या फडातील माणूस तेवढा बदलला.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्याने ऊस उत्पादकाला भागधारक केले, मत दिले, सभेत बोलण्याचा अधिकार दिला. पण त्या उत्पादकाचा ऊस तोडणारा मजूर ना भागधारक झाला, ना धडपणे कारखान्याचा नोकर. कारखाना करार करतो तो मुकादमाशी वा वाहतूकदाराशी. मुकादम उचल देतो, आणि बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात. दोन माणसे, हिशेबात एक अवजार! आजारपणात दिवस चुकला तर खाडा कापला जातो. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. या आकड्यानंतरही ज्यांना हा प्रश्न चहाच्या पेल्यात सोडवावासा वाटतो, त्यांच्या भाबडेपणाचे आश्चर्य वाटते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा युक्तिवाद टिकत नाही. देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर घरातील डब्यात जातच नाही. ती शीतपेये, मिठाई व बिस्किटे यांच्या कारखानदारांकडे जाते. शिवाय २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. म्हणजे ज्या उसाची साखर झाली नाही त्याचे इथेनॉल होईल; कोयता मात्र दोन्हींसाठी तोच, आणि पाणीही तेच. समजा, मागणी खरोखरच घटली आणि भाव पडले, तर तोटा प्रथम कोणावर ढकलला जाईल? साखरेला २०१८ मध्ये किमान विक्रीदराचे कवच मिळाले. उसाला रास्त व किफायतशीर दराचा कायदेशीर आधार आहे. तोडणीच्या दराला तसा आधार नाही. तो संघटना आणि साखर संघ यांच्यातील वाटाघाटींवर ठरतो. ज्याचा दर कायद्याने बांधलेला नाही, मंदीचा भार त्याच्याच पाठीवर पडतो.

येथे गांधीजींचे उदाहरण मार्गदर्शक ठरावे. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी स्वतःच्या आहारातून मीठ वर्ज्य केले होते. परंतु १९३० मध्ये त्यांनी देशाला मीठ सोडण्यास सांगितले नाही, कायदा मोडून मीठ तयार करण्यास सांगितले. वैयक्तिक व्रत आणि सार्वजनिक लढा यांतील भेद त्यांना पक्का ठाऊक होता. ज्या त्यागामागे मागणी नाही ते पथ्य होय, सत्याग्रह नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. तोडणी कामगाराचा मुख्य मालक कारखानाच आहे, हे कायद्याने मान्य व्हावे. ‘कोयता’ ही जोडी मोडून स्त्रीची नोंद स्वतंत्र व्हावी आणि तिची मजुरी तिच्याच हाती पडावी. उचलीचा हिशेब लेखी असावा, खाडा बंद व्हावा, आजारपणाची व बाळंतपणाची रजा मिळावी. मुलांसाठी वसतिगृहे कागदावर न राहता चालावीत. आणि दुष्काळी तालुक्यांत नवे कारखाने व वाढता ऊस यांना परवानगी देणाऱ्या सरकारला पाण्याचा हिशेब विचारला जावा.

ज्या कार्यकर्त्यांना महिनाभर साखर सोडायची आहे त्यांनी अवश्य सोडावी. प्रकृतीला ते मानवेल. पण त्या महिन्यातील एक आठवडा त्यांनी फडावर काढावा, कोपीत बसून उचलीचे हिशेब उतरवून घ्यावेत आणि ते कागद घेऊन साखर आयुक्तांच्या दारात उभे राहावे. पेल्यातली साखर सोडणे सोपे आहे. उचलीखाली दबलेला माणूस सोडविणे कठीण आहे, आणि आपल्या चळवळीचे काम तेच आहे.