पहिल्या भागावरून

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला एक वाईट खोड जडते. पहिले पान वाचले की त्याला वाटते, पोरगा कळला. पुढची पाने तो वाचतो खरी, पण ती आपलेच मत पक्के करून घेण्यासाठी. वीस वर्षे मराठी शिकवून ही खोड माझ्या अंगात चांगली मुरली आहे. जपानी चित्रमालिकांच्या बाबतीत तर मी पहिले पानही उलटले नव्हते. कन्येच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून बशीएवढे डोळे, निळे-गुलाबी केस आणि कसलीशी किंचाळी एवढा ऐवज हाती लागला होता. त्यावर ‘कार्टून’ असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो.

यंदा तिची बारावी झाली. जुलैत ती परगावी शिकायला जाणार हे नक्की झाले आणि घरात बॅगांची चर्चा सुरू झाली. एके रात्री, काय मनात आले कोण जाणे, मी म्हटले, “तुझ्या त्या मालिका मला दाखव बरं.” तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी सिगारेटच मागितली. मग तिने अटी घातल्या. प्रत्येक मालिकेचा फक्त पहिला भाग. मध्ये बोलायचे नाही. आणि शेवटचे गाणे संपेपर्यंत मत द्यायचे नाही. तिसरी अट मला सर्वांत जड गेली, हे वेगळे सांगायला नको.

ज्या वाचकांच्या घरात अशी कन्या नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ‘ॲनिमे’ हा ‘ॲनिमेशन’ या शब्दाचा जपानी तोंडात झालेला संक्षेप. दूरचित्रवाणीवर त्याचे बस्तान बसले ते ओसामू तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमू’मुळे. ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग काढायचा तर चित्रांत काटकसर हवी. म्हणून चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, एकच हालचाल पुन्हा वापरायची, अशा युक्त्या निघाल्या. गरिबीतून निघालेली ही रीत पुढे शैलीच होऊन बसली. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे तिकडे मालिकांचे चार हंगाम असतात. एका हंगामात साधारण बारा-तेरा भाग बसतात आणि एक भाग आरंभीच्या व शेवटच्या गाण्यासकट चोवीस मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या तासिकेच्या निम्मा.

सुरुवात बरी झाली नाही. दोन मालिका मी तोंड मिटून सोसल्या. त्यांची नावे घेत नाही. दोन्हींत एक कंटाळलेला तरुण अपघातात मरतो आणि जादूच्या राज्यात पुन्हा जन्मतो. तिकडे ही एक मोठी जातच आहे म्हणे. आमच्या पूर्वजांना पुनर्जन्मासाठी चौऱ्याऐंशी लक्ष योनी लागल्या; इकडे एका ट्रकमध्ये काम भागते. मी शेवटच्या गाण्यापर्यंत गप्प राहिलो. कन्या म्हणाली, “हे मुद्दाम दाखवलं. तुम्हाला वाटलं होतं तसंच असतं, तेही बघायला हवं ना?”

मग आली ‘डंजन मेशी’ (२०२४). मेशी म्हणजे भात, आणि जेवणही. एका वीराची बहीण भुयारात लाल ड्रॅगनने गिळली आहे. तिला सोडवायला जायचे तर शिध्याला पैसे नाहीत. तेव्हा वाटेत भेटणारे राक्षसच शिजवून खायचे, असे ठरते! पहिल्याच भागात विंचू आणि चालणारी अळंबी एका पातेल्यात पडतात. सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका ते कालवण अशा निगुतीने करतो, की आमची सौ. कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली आणि म्हणाली, “विंचू राहू दे, पण त्याची चिरण्याची पद्धत बरोबर आहे.” या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

‘कुसुरिया नो हितोरिगोतो’ (२०२३) म्हणजे ‘औषधवालीचे स्वगत’. नावच मला आवडले. जुन्या चीनच्या धर्तीवरचे एक काल्पनिक साम्राज्य आहे. माओमाओ नावाच्या मुलीला पळवून बादशहाच्या अंतःपुरात दासी म्हणून विकलेले असते. तिथे राजाची तान्ही मुले झिजत चालली आहेत, आणि सारे जण त्याला शाप म्हणतात. ही मुलगी औषधांत वाढलेली. आयांच्या तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे हे ती ओळखते आणि चिंधीवर तसे लिहून खिडकीशी ठेवते. एक बाळ वाचते, दुसरे वाचत नाही.

पण मला खिळवून ठेवले ते पुढच्या प्रसंगाने. चिठ्ठी कुणी लिहिली हे शोधायला एक देखणा अधिकारी सगळ्या दासींना गोळा करतो. तो विचारत काहीच नाही. ‘तोंडावर ठिपके असलेली, तू थांब’ असे लिहिलेला कागद तो समोर धरतो आणि बाकीच्यांना जायला सांगतो. बहुतेकींना अक्षर येत नाही. त्या मुकाट्याने निघून जातात. माओमाओ मात्र दचकते. वाचता येते, एवढ्यावर ती पकडली जाते! आमच्या आजीच्या पिढीत लपून वाचणाऱ्या सुना होत्या, त्या ही गोष्ट फोड करून न सांगताच समजल्या असत्या.

‘ची’ (२०२४) या मालिकेच्या नावाचे भाषांतर कुणी मला करायला सांगू नये. जपानीत ‘ची’ म्हणजे पृथ्वी, ‘ची’ म्हणजे रक्त आणि ‘ची’ म्हणजे ज्ञानही. तिन्ही अर्थ त्यात धरले आहेत. काळ पंधराव्या शतकाचा, देश युरोपातला. पहिल्याच दृश्यात पाखंड्याचा छळ आहे. तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्या, असा मला हुकूम झाला. मग भेटतो राफाल, बारा वर्षांचा हुशार मुलगा. वडीलधाऱ्यांना काय ऐकायचे आहे हे त्याला अचूक कळते, आणि तेच तो बोलतो. विद्यापीठात धर्मशास्त्र शिकणार, असे तो जाहीर करतो, टाळ्या पडतात. जीव मात्र आकाशातल्या ग्रहांत गुंतलेला. अशात त्याला तुरुंगातून सुटलेला एक भयंकर मनुष्य गाठतो आणि विचारतो, की प्रत्येक ग्रहाला वेगळा नियम लावणारे हे तुझे विश्व तुला सुंदर वाटते का?

मी अस्वस्थ झालो. असे राफाल दर वर्षी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात. मला रुचेल तेच उत्तर लिहितात, आणि मी त्यांना भरघोस गुण देतो. त्यांतल्या एकालाही मी ‘तुला स्वतःला ही कविता आवडते का?’ असे विचारल्याचे आठवत नाही. शेजारी बसलेल्या कन्येने धर्मशास्त्र नव्हे, पण माझ्या पसंतीची शाखा दोन वर्षांपूर्वी निवडली होती. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. तिच्याकडे पाहायचे मी टाळले. गाणे संपले तरी मी मत दिले नाही, आणि तिनेही मागितले नाही.

शेवटची ‘सोसो नो फ्रीरेन’ (२०२३). ‘सोसो’ म्हणजे मृताला निरोप देणे. इतर गोष्टी जिथे संपतात तिथे ही सुरू होते. राक्षसराजाला मारून चौघे वीर राजधानीत परततात. दहा वर्षांचा प्रवास संपलेला. त्यांतली फ्रीरेन ही जादूगार मानव नव्हे. हजार वर्षांहून अधिक जगलेली. त्या रात्री चौघे उल्का पडताना पाहतात. हा वर्षाव पन्नास वर्षांनी एकदा होतो. पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन, असे ती सहज सांगून जाते, आणि परतते ती पन्नास वर्षांनी. त्यांचा नायक हिम्मेल म्हातारा, टकला, काठी टेकणारा झालेला. चौघे पुन्हा एकदा चालत जातात आणि उल्का बघतात. थोड्याच दिवसांत हिम्मेल मरतो. अंत्यविधीच्या वेळी फ्रीरेनच्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून लोक कुजबुजतात. आणि मग ती एकदम रडू लागते: दहा वर्षे बरोबर चाललो, आणि या माणसाविषयी मला काहीच माहीत नाही, मी जाणून का घेतले नाही?

आरडाओरडा नाही, लढाई नाही. वारा, गवत, शवपेटीवर पडणारी माती. चित्रकारांनी तिचा चेहरा फार हलवलाही नाही.

शेवटचे गाणे सुरू झाले. मी चष्मा पुसला. कोपऱ्यात तिची अर्धी भरलेली बॅग उघडी पडली होती.

“ही तू पहिल्यांदाच बघतेस का?” मी अट मोडून विचारले.

“तिसऱ्यांदा. बाकीच्याही सगळ्या बघितलेल्याच होत्या.”

“मग पुन्हा कशाला बसलीस?”

“तुम्ही कुठे चष्मा पुसता ते बघायला.” तिने घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा वाजून गेले होते. “बाबा, फक्त पहिला भाग असं ठरलं होतं. पण दुसरा लावू?”

“लाव,” मी म्हटले.