चॉकलेटचा पेला आणि दारूबंदीची वेस

आश्विन पौर्णिमा आली की विदर्भातील घरोघरी दूध आटू लागते. कोजागिरीच्या या दुधात जायफळ आणि वेलदोडा पडतो. योगायोग असा की, पाश्चात्त्यांच्या ‘ब्रँडी अलेक्झांडर’ या प्रसिद्ध कॉकटेलचीही ओळख जायफळच आहे. ब्रँडी, कोकोचे गोड मद्य आणि क्रीम समप्रमाणात बर्फासह घुसळून वर जायफळ किसले की ते तयार होते. त्यात दालचिनी-लवंग घातली की शरदातील चॉकलेट कॉकटेल होते. टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने परवानाधारकांना मद्य घरपोच देण्याची मुभा दिली आणि बारमधील असा पेला घरात येण्याची वाट अधिकच सोपी झाली.

मात्र वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरमध्ये हाच पेला वेगळा प्रश्न उभा करतो. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले. त्यांच्या या कर्मभूमीत सत्तरच्या दशकापासून दारूबंदी लागू आहे. जिल्ह्यात मद्याचे दुकान नाही, बार नाही. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र दोन्ही आहेत. साहजिकच अल्लीपूरच्या एखाद्या स्वयंपाकघरात दूध, कोको आणि जायफळ किराणा दुकानातून येते, पण बाटली येते ती चोरवाटेने.

खरी मेख येथेच आहे. परवानाधारक दुकानातील बाटलीमागे कारखाना, शुल्क आणि तपासणी यांची साखळी असते. चोरवाटेच्या बाटलीवर लेबल ओळखीचे असले, तरी आत काय आहे हे कोणी सांगू शकत नाही. मिथेनॉल रंगाने किंवा वासाने सहज ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टीवर घाला पडतो. आरंभीची लक्षणे साध्या नशेसारखीच असल्याने उपचारांना विलंब होतो. साखर, क्रीम आणि मसाले हे विष निष्प्रभ करीत नाहीत. उलट निकृष्ट मद्याचा उग्रपणा तेवढा झाकतात.

म्हणून सारा दोष दारूबंदीच्या माथी मारावा काय? तसे म्हणता येत नाही. मुंबईत दारूबंदी नसताना जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. दोन्हीकडे मरणारे प्रामुख्याने गरीब होते. बंदी असो वा नसो, स्वस्त आणि बेहिशेबी दारूचा ग्राहक तोच राहतो. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या स्वस्त विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. तिजोरीच्या दृष्टीने तो निर्णय समजण्याजोगा असला, तरी अधिकृत आणि अनधिकृत बाटलीच्या किमतीतील दरी त्याने रुंदावते, हेही खरे.

शेजारच्या चंद्रपूरने २०१५ मध्ये बंदी स्वीकारली आणि अवैध विक्री वाढल्याचे कारण देत सरकारने २०२१ मध्ये ती उठविली. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. हे दोन मार्ग समोर असताना वर्ध्यातील चर्चा ‘ठेवा की उठवा’ एवढ्यावरच अडते. बंदीमुळे चार पैसे घरात राहतात, असे सांगणाऱ्या स्त्रियांचा अनुभव खोटा नाही. आणि गावाबाहेर मोहाच्या भट्ट्या पेटतात, हेही खोटे नाही. पोलीस किती लिटर माल पकडतात यापेक्षा त्या मालाची रासायनिक तपासणी किती झाली आणि निष्कर्ष गावापर्यंत पोहोचले काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. धोक्याची सूचना मिळण्याचा हक्क पिणाऱ्याच्या कुटुंबालाही आहे.

तोवर चॉकलेट आणि मसाल्याची हौस बाटलीविनाही भागते. एक लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटवावे, त्यात दोन मोठे चमचे कोको थोड्या दुधात कालवून घालावा, चवीपुरती साखर, दालचिनीचा तुकडा व वेलदोडा टाकावा आणि उतरविल्यावर जायफळ किसावे. या पेल्याला परवाना लागत नाही आणि त्यात काय आहे, हे करणाऱ्याला नेमके ठाऊक असते. दारूबंदीच्या साऱ्या वादात नेमकी हीच खात्री अल्लीपूरला आजवर कोणी दिलेली नाही.