वसुलीचे लक्ष्य आणि माणसाचा बळी

झाशी येथे सप्टेंबर २०२४ मध्ये एका वित्त कंपनीच्या एरिया मॅनेजरने आत्महत्या केली. ४५ दिवस झोप नाही, अन्न जवळजवळ सुटलेले आणि हप्तेवसुलीसाठी वरिष्ठांचा सततचा दबाव, असे त्याच्या अखेरच्या पत्रात नमूद होते.

कामाचा न आवरलेला ताण माणसाला आतून पोखरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद कामाशी निगडित घटना म्हणूनच केली. शक्ती संपणे, कामाचा उबग येणे, हातून काही होत नाही असे वाटणे ही तिची लक्षणे.

सहकाऱ्यात ती दिसू लागताच त्याला योगासनांचा उपदेश करून भागणार नाही. लक्ष्ये मालकाच्या दालनात ठरतात. ती वाटाघाटींच्या कक्षेत खेचून आणणे हे कामगार संघटनांचे तातडीचे कर्तव्य आहे.