पाटा वाढवू नका, पाटे बदला

जुनी पिकअप मागून बसली की अड्ड्यावर पहिला सल्ला मिळतो, "एक पाटा वाढव." पाटा तुटलाच असेल तर दुसरा, त्याहून स्वस्त सल्ला येतो, "वेल्डिंग मारून घे." कांदा, भाजीपाला, खताच्या गोण्या वाहून वाहून थकलेल्या गाड्यांच्या मालकांना कळकळीची विनंती आहे, हे दोन्ही सल्ले ऐकू नका.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. मागून पाहिल्यावर ती एका अंगाला झुकलेली दिसते का? पाट्यांची कमान सरळ किंवा उलटी झाली आहे का? मग खाली वाका. पाटे धुऊन घ्या आणि सेंटर बोल्टच्या आसपास, यू-बोल्टच्या कडेला बारीक चिरा शोधा. पाटा बहुधा तिथेच जातो. सरळ रस्त्यावर गाडी तिरकी चालत असेल, तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल जागचा सरकलेला असू शकतो. अशी गाडी माल भरून रस्त्यावर काढूच नका.

आता वाढीव पाट्याचं बघू. त्याने गाडी उचलली जाते हे खरं. पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी जुनीच राहतात. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये चासी आणि मागचा एक्सल यांना जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने किती दबली, त्यावरून मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते तो ठरवतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाट उतरताना हे फार महागात पडेल. आरसीवर लिहिलेलं वजनही पाटा वाढवल्याने वाढत नाही. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

वेल्डिंग तर त्याहून वाईट. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात थंड करून आणि पुन्हा बेताची आच देऊन लवचिक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने तो गुण जातो. सांधा टिकला तरी त्याच्या शेजारी पाटा तुटतो. घणाने ठोकून आणलेली कमानही काही दिवसांत पुन्हा बसते.

म्हणून पाटे बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. डावीकडचा तुटला असला तरी उजवीकडच्यानेही तेवढाच माल वाहिलेला असतो. एकच बाजू नवी केली तर गाडी झुकलेलीच राहील. पाटे घेताना गाडीचं मॉडेल सांगा, पाट्यांची संख्या आणि जाडी जुन्याशी ताडून बघा. सोबत यू-बोल्ट, बुश आणि शॅकलच्या पिनाही नव्या घ्या. जुना यू-बोल्ट ताणलेला असतो. तो पुन्हा वापरला तर पकड ढिली पडते आणि सगळा मार सेंटर बोल्टवर येतो.

हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. घरी करणारच असाल तर जमीन सपाट आणि कडक हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो आणि ती उचलल्यावर त्याचा उपयोग नाही. चासीला पक्के स्टँड द्या. विटा किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. एक्सलला वेगळा जॅक लावा आणि पाट्यावरचा ताण पूर्ण उतरल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे एक्सल भटकत नाही. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय ना, ते बघा. यू-बोल्टचे नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून, कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट चाकं जमिनीला टेकल्यावरच शेवटचे आवळा. गाडी लटकलेली असताना आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटतं. पहिल्या काही खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्या. ही तपासणी बरेच जण विसरतात.

हंगाम सुरू झाला की गाडी उभी ठेवायला मन धजत नाही, म्हणून काम रिकाम्या दिवसांतच उरकून घ्या. बिलावर पाटे, यू-बोल्ट, बुश वेगवेगळे लिहून घ्या आणि जुने सुटे भाग मागून घ्या, म्हणजे काय बदललं ते कळेल. आणि नवे पाटे पडले म्हणून एक गोणीही जास्त टाकू नका. गाडी चालवणारा बहुतेक घरचाच कुणीतरी असतो.