पाण्याची वाट

परवा आमच्या राजूरला पाऊस झोडपून पडला. आता पावसाचे आम्हाला कौतुक नाही. घाटघर-रतनवाडीचा पाऊस ज्याने पाहिला, त्याला राजूरचा पाऊस म्हणजे शिंतोडे. पण या वेळी गल्लीतले पाणी थेट शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढले. समोर एक घर बांधायचे चालू आहे. वाळू आणि खडीचे ढीग गटाराला खेटून टाकलेले. पहिल्याच सरीत अर्धी वाळू गटारात गेली, त्यावर सिमेंट कालवल्याचे पाणी, आणि सगळे मिळून तळाशी घट्ट बसले. शेवटी पहारीने फोडावे लागले.

मी त्या घरमालकाला चार शब्द ऐकवायला निघालो होतो. मग आठवले, 1998 साली स्कूटर आत घेता यावी म्हणून आपणच दारापुढचे गटार फरश्या टाकून झाकले आहे. खाली हात घालायलासुद्धा जागा ठेवलेली नाही. परत फिरलो...

शहरात हेच चालते, फक्त मोठ्या आकारात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी कुठलेच गटार वाहून नेणार नाही, हे मान्य. पण मला गणिताच्या मास्तराच्या सवयीने दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून केलेली होती, आणि तीही निम्मे पाणी जमिनीत मुरेल या हिशेबाने! सातवीच्या मुलांना घालावे असे उदाहरण आहे. एका गुंठ्यावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण अडीच हजार लिटर पाणी. त्यातले साडेबाराशे माती पिऊन टाकते. गुंठाभर काँक्रीट केले, की पूर्ण अडीच हजार गटारात. पाऊस तेवढाच, गटारही तेवढेच. ब्रिमस्टोवॅड या अहवालाने 1993 मध्येच सांगितले होते की तासाला 50 मिलिमीटर धरा आणि मुरण्याची आशा सोडा. म्हणजे चौपट पाणी. अहवाल 1993 चा आणि पूर 2005 चा, यावर काय बोलणार? असो.

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने घरे घेतली, माणसे नेली. माझी मुलगी त्याच भागात राहते. रात्रभर फोन लागत नव्हता. कात्रजकडून येणारा हा ओढा लोकांच्या बोलण्यात कधीच 'नाला' होऊन गेला होता. नाला म्हटले की त्याच्या काठाला भिंत बांधायला कुणाला संकोच वाटत नाही.

दर मे महिन्यात नालेसफाईची चर्चा होते, किती गाळ काढला याचे आकडे छापून येतात. तो गाळ आला कुठून, हे कुणी विचारत नाही. बराचसा इमारतींच्या पायांतून येतो. तळघर खणायचे, त्यात साठलेले गढूळ पाणी पंपाने सरळ रस्त्यावर सोडायचे. प्लॉटच्या कोपऱ्यात एक खड्डा घेऊन गाळ आधी तिथे बसू द्यायला कितीसा खर्च येतो? बांधकामे थांबवा असे मी म्हणत नाही, लोकांना घरे हवीतच. परवानगी देताना पार्किंग किती हे विचारतात, तसे या जागेवरचे पाणी कुठून जाणार हेही विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

आमच्याकडचा भातशेती करणारा माणूस खाचराचा बांध घालतानाच जादा पाण्याला वाट ठेवतो, नाहीतर खालचा शेतकरी भांडायला येतो. 1926 साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या एवढ्या मोठ्या भिंतीलाही सांडवा ठेवावाच लागला.

रविवारी दोन माणसे बोलावली आहेत, फरश्या काढायला. सौ. विचारते आहे, मग स्कूटर कुठून आत घेणार? स्कूटर विकून सहा वर्षे झाली.