फिल्म वेगवान, तरी निगेटिव्ह फिकी

फिल्म वेगवान असली की सुटलेली गोळीही टिपता येते, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे. एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४ मध्ये सफरचंद भेदणारी गोळी टिपली, ती अंधारात, शटर उघडे ठेवून. बंदुकीचा आवाज मायक्रोफोनने हेरला, फ्लॅश उडाला आणि त्या निमिषार्धाच्या उजेडाने गोळी गोठवली.

फिल्मची खरी गोची पुढेच. इतक्या क्षणिक प्रकाशात सिल्व्हर हॅलाइडची संवेदनशीलता घटते, कॉन्ट्रास्टही पडतो. डबीवर ४०० छापलेली ट्राय-एक्स तिथे ४०० उरतच नाही! म्हणून अ‍ॅपर्चर थोडे जास्त उघडायचे आणि डेव्हलपिंगची वेळ वाढवायची.

पत्रलेखकांनी सुचवलेला कडक तापवलेला डेव्हलपर मात्र नको. त्याने फॉग चढतो, दाणे फुगतात; सावलीतला गेलेला तपशील काही परत येत नाही.