फुकटाचा भाव
दिवाळी तोंडावर आली की दुकानांना दानशूरपणाचा झटका येतो. ‘फ्रिजवर मिक्सर मोफत’ ही पाटी हातभर अक्षरांत, आणि ‘मोफत’च्या डोक्यावर अटींची एवढीशी चांदणी. पैसे भरून झाले की कळतं, मिक्सरचा स्टॉक संपलाय. त्याऐवजी प्लास्टिकचे डबे घ्या, तेही ‘ताई, पुढच्या आठवड्यात चक्कर मारा’. पुढच्या आठवड्यात तो सेल्समन रजेवर! बरं, कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022मधल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, भेटवस्तूच्या पॅकिंगचे किंवा हाताळणीचे पैसे उकळले, तर तिला मोफत म्हणता येत नाही. भेटीचा खर्च काढण्यासाठी फ्रिजचीच किंमत वाढवली, तरीही नाही. आता ही वाढ गिऱ्हाइकाने ओळखायची कशी? सणापूर्वीचा भाव कुणी टिपून ठेवलेला असतो? दुकानदाराचं फावतं ते इथेच. निदान पाटीचा फोटो काढावा, बिलावर ‘मिक्सर देणे बाकी’ असं लिहून घ्यावं, आणि टोलवाटोलवी सुरू झाली की ग्राहक हेल्पलाइनचा 1915 फिरवावा. तेवढं लिहायला काउंटरवर नेमकं पेन सापडत नाही, म्हणून स्वतःचं न्यावं.